गोळा करायला दोघे, वाटायला तिघे

अमेरिकेतल्या ज्यू संस्थांच्या नोकरीच्या जाहिराती ओळीने वाचत गेले की त्या क्षेत्राचा कल पगारावरूनच कळतो. मोठ्या देणगीदारांकडून पैसा आणणाऱ्या अधिकाऱ्याला पगार बरा आणि संचालकपदापर्यंतची वाट ठरलेली असते. वृद्धांच्या घरी जाऊन कोणाला किती मदत लागेल हे ठरवणाऱ्या समाजकार्यकर्तीचा पगार कमी, तिच्याकडची प्रकरणे जास्त, आणि पुढची पायरी कोणती याचा जाहिरातीत पत्ताच नसतो. दोन्ही जाहिरातींत ‘अर्थपूर्ण काम’ हे शब्द मात्र सारखेच.

ज्यू धर्मशास्त्राने या दोन कामांचा क्रम उलटा लावला आहे. तल्मूदच्या बावा बात्रा या भागात गावच्या धर्मनिधीचा नियम दिला आहे: निधी दोघांनी गोळा करावा आणि तिघांनी वाटावा. गोळा करणाऱ्याला लोकांवर सक्ती करण्याचा अधिकार असतो, म्हणून तो एकट्याच्या हाती देऊ नये. वाटप हा तर न्यायनिवाडाच मानला आहे. पैशाच्या दाव्याला तीन न्यायाधीश लागतात, तसेच वाटपालाही तिघे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनाही हे स्पष्ट दिसत होते, की पैसा मागण्यापेक्षा कोणाला किती द्यायचा हे ठरवणे अवघड आणि जोखमीचे आहे.

आमचे म्हणणे असे, की या क्षेत्रात समाधानाची आणि टिकणारी कारकीर्द हवी असेल तर ती वाटपाच्या बाजूने सुरू करावी, आणि संस्थांनी बढतीची शिडी त्याच बाजूने उभी करावी. आज ती देणगीदारांच्या दिवाणखान्यातून वर जाते. तिथून चढलेला माणूस पंधरा वर्षांत चांगला विक्रेता होतो. समाजाच्या गरजांचा जाणकार होतोच असे नाही, आणि पुढे संस्थाप्रमुख तोच होतो.

ही रचना मुळात अशी नव्हती. १८९५ मध्ये बॉस्टनमध्ये आणि पुढच्याच वर्षी सिनसिनाटीत ज्यू धर्मादाय संस्थांचे संघ स्थापन झाले. त्यांनाच पुढे फेडरेशन म्हणू लागले. कारण साधे होते. अनाथालय, रुग्णालय, निर्वासितांचा निवारा, सगळे एकाच दारात वेगवेगळी वर्गणी मागायला येत. त्याऐवजी मोहीम एकच करायची आणि जमलेला पैसा एका समितीने सगळ्या संस्थांची गाऱ्हाणी ऐकून वाटायचा, अशी ही योजना. १९१४ मध्ये ऑटोमन साम्राज्यातले अमेरिकी राजदूत हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी न्यूयॉर्कला तार करून पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंसाठी ५०,००० डॉलर मागितले, आणि त्या मदतीतून ‘जॉइंट’ ही संस्था उभी राहिली. परदेशातल्या ज्यूंना मदत पोहोचवण्याचे काम ती आजही करते. जर्मनीतल्या १९३८ च्या नोव्हेंबरमधल्या हिंसाचारानंतर १९३९ मध्ये परदेशी मदतीसाठी एकत्रित मोहीम सुरू झाली. १९९९ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या तीन संस्था एक झाल्या आणि २००९ पासून त्या छत्राला ‘ज्यूइश फेडरेशन्स ऑफ नॉर्थ अमेरिका’ हे नाव आहे. मोहीम एक आणि टेबल एक, हा या सगळ्याचा गाभा. टेबलाभोवती बसणारे लोक कसलेले असत. रुग्णालयाचा प्रतिनिधी जादा खाटा मागे, शाळेचा शिक्षकांचे पगार, आणि दोघांनाही नाही म्हणण्याची हिंमत समितीत असे.

गोळा करण्याचे तंत्र मात्र सतत धारदार होत गेले. एके काळी मोहिमेच्या जेवणावळीत प्रत्येकाच्या नावाचे कार्ड मोठ्याने वाचले जाई आणि त्याने उभे राहून सगळ्यांसमोर रक्कम सांगायची असे. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मांडवाशी वर्गणीदारांची नावे फळ्यावर लागतात, त्याचीच ही भारी आवृत्ती. आता ते जवळपास बंद झाले आहे. १९७२ मध्ये मायामीत स्त्रियांसाठी ‘लायन ऑफ जुडा’ हा गट सुरू झाला. वर्षाला किमान ५,००० डॉलर देणारी स्त्री सिंहाची पिन लावते, आणि कोणाच्या पिनेवर कोणते रत्न आहे यावरून देणगीची पायरी ओळखता येते.

मोठ्या देणग्यांच्या कामाचे गणित माहीत नसेल तर नव्या माणसाची पहिली दोन वर्षे फुकट जातात. दहा लाख डॉलर उभे करायचे असतील तर सर्वांत वरची एक देणगी एक ते दोन लाखांची हवी. तिच्याखाली पन्नास-पंचाहत्तर हजारांच्या काही, मग दहा हजारांच्या, आणि तळाशी शेकडो लहान. प्रत्येक अपेक्षित मोठ्या देणगीमागे निदान तीन-चार संभाव्य नावे लागतात, कारण बहुतेक जण नाही तरी म्हणतात किंवा निम्म्यावर येतात. एका अधिकाऱ्याच्या यादीत साधारण शंभर ते दीडशे कुटुंबे असतात. त्याहून जास्त दिली की भेटी होत नाहीत, नुसत्या ईमेल जातात. मागताना रक्कम आकड्यात सांगायची आणि मग गप्प बसायचे. ती शांतता सहन न होऊन जो अधिकारी स्वतःच रक्कम कमी करतो, तो पुढेही तेच करत राहतो.

कबूल झालेली रक्कम म्हणजे हातात आलेली रक्कम नव्हे. काही वचने बुडतात, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात आधीच वजावट धरावी लागते. अमेरिकेचे करवर्ष डिसेंबरअखेर संपते, म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत पैशांचा लोंढा येतो. त्यात किंमत वाढलेले शेअर थेट संस्थेच्या नावावर करणारे बरेच असतात, कारण त्यामुळे भांडवली नफ्यावरचा कर वाचतो. अडचण अशी, की हे शेअर अनेकदा देणगीदाराच्या नावाशिवायच खात्यात येऊन पडतात. कोणाचे आहेत हे शोधण्यात जानेवारी जातो, आणि पावती उशिरा मिळालेला देणगीदार पुढच्या वर्षी रुसतो. उपाय साधा आहे: शेअर पाठवण्याआधी देणगीदाराकडून कंपनीचे नाव, शेअरची संख्या आणि ब्रोकरचे नाव लिहून घ्यायचे.

हे कौशल्य हलके लेखायचे कारण नाही. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसने दानाचे नियम लिहिताना म्हटले आहे, की जो दुसऱ्याला द्यायला लावतो त्याचे पुण्य देणाऱ्याहून मोठे. पैसा आणणाऱ्यांना हे वचन फार आवडते आणि प्रशिक्षणवर्गांत ते हटकून येते. मात्र त्याच प्रकरणात त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर आहे गरजूला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पुन्हा मागण्याची वेळच येऊ न देणे. ते करायचे तर माणूस जवळून माहीत असावा लागतो.

खरा बदल घडला तो देणगीदार-सल्ला निधीमुळे. हा निधी म्हणजे एखाद्या धर्मादाय संस्थेत देणगीदाराच्या नावाने उघडलेले खाते. पैसे टाकले की करसवलत त्याच वर्षी मिळते. तिथून प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेकडे ते कधी जावेत याला अमेरिकी कायद्यात मुदत नाही. खासगी प्रतिष्ठानांना दरवर्षी मालमत्तेच्या सुमारे पाच टक्के खर्च करावेच लागतात, या खात्यांवर तसे बंधन नाही. न्यूयॉर्कचा ज्यूइश कम्युनल फंड १९७२ पासून हेच काम करतो, आणि आज कित्येक मोठ्या फेडरेशन्सकडे अशा खात्यांतली रक्कम वार्षिक मोहिमेहून कितीतरी जास्त आहे. कागदावर पैसा समाजाचा झालेला असतो. तो कुठे जाईल हे व्यवहारात खातेदारच ठरवतो. तिघांचे टेबल एकाच्या खुर्चीवर आले, आणि फेडरेशनच्या नोकराचे काम त्या खुर्चीवरच्या माणसाची सोय पाहण्याचे झाले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. समित्या भित्र्या असतात. १९९९ मध्ये तरुण ज्यूंना दहा दिवस इस्रायलला फुकट नेण्याची ‘बर्थराइट’ योजना चार्ल्स ब्रॉन्फमन आणि मायकेल स्टाइनहार्ट या धनिकांनी रेटली. समितीच्या मंजुरीची वाट पाहिली असती तर ती कदाचित आजही मसुद्यातच राहिली असती. ज्युलियस रोझेनवाल्ड या ज्यू धनिकाने विसाव्या शतकाच्या पहिल्या एक-तृतीयांशात अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभ्या करायला मदत केली. कोणत्याही ज्यू वाटप समितीने ते प्राधान्याचे काम मानले नसते. हे खरेच आहे. पण रोझेनवाल्डची पद्धत पाहा. तो सगळा पैसा एकटा देत नसे. गावातल्या काळ्या समाजाने आणि स्थानिक शाळामंडळाने आपापला वाटा उचलायचा, ही त्याची अट होती. आपल्या निधीने आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत सगळा पैसा खर्च करून बंद व्हावे, असेही त्याने ठरवले होते, आणि तो निधी १९४८ मध्ये बंद झालाही. म्हणजे एकट्या धनिकाचा धाडसीपणा कामी आला तो त्याने वाटपाचे टेबल स्वतःहून मांडले म्हणून.

वाटपाच्या बाजूचे काम म्हणजे दयाळू माणसांनी पाकिटे वाटणे, असा समज आहे. प्रत्यक्षात ते तांत्रिक आहे, आणि चुका तिथेच महाग पडतात.

कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारे अन्न देणाऱ्या अन्नकेंद्राचेच घ्या. वर्षातली सर्वांत मोठी गर्दी पेसाख, म्हणजे वल्हांडण सणाच्या आधी होते. त्या आठ दिवसांत खमीर चालत नाही. रोजच्या वापरातले पास्ता, नाश्त्याच्या सीरियलचे डबे, बिस्किटे, सगळे बाद. घरोघरी सणाआधी स्वयंपाकघर साफ होते आणि हेच सगळे दानाच्या खोक्यात येऊन पडते. म्हणजे ज्या आठवड्यात गिऱ्हाइकांची रांग सर्वांत मोठी, त्याच आठवड्यात कोठार त्यांना न चालणाऱ्या मालाने भरते. लागते ते पेसाखचे वेगळे प्रमाणपत्र असलेले अन्न: मात्झा ही बिनखमिराची भाकरी, द्राक्षरस, मासे, तेल. हा माल महाग असतो आणि आयत्या वेळी मिळत नाही. ज्या केंद्रप्रमुखाला हे कळते तो हिवाळ्यातच मागणी नोंदवतो, आणि सणाच्या मोहिमेत डब्यांऐवजी रोख मागतो. आलेला खमिराचा माल तो ज्यू नसलेल्या कुटुंबांकडे वळवतो. बहुतेक केंद्रांत अशी कुटुंबे येतातच. तल्मूदही सांगते, की शांततेसाठी इतरांच्या गरिबांना आपल्या गरिबांबरोबर पोसावे. देणगीदाराला मात्र भरलेल्या खोक्यांचा फोटो हवा असतो. त्याला हे समजावून सांगण्याचे काम ज्याने रांग पाहिली आहे तोच नीट करू शकतो.

दुसरे उदाहरण बिनव्याजी कर्जाचे. न्यूयॉर्कची हिब्रू फ्री लोन सोसायटी १८९२ पासून हे करते आहे. कर्जदाराला व्याज नाही, पण जामीनदार लागतात, आणि सगळी कसोटी जामीनदार पारखण्यात असते. कर्जदाराचाच भाऊ, ज्याची नोकरी त्याच दुकानात आहे, तो जामीन म्हणून निरुपयोगी, कारण दुकान बुडाले की दोघेही बुडतात. फार कडक झाले तर ज्यांच्या ओळखीत पगारदार माणूस नाही अशांना दार बंद होते, आणि खरी गरज त्यांनाच असते. हा तोल पुस्तकातून शिकता येत नाही. शंभर अर्ज वाचावे लागतात.

आता घोटाळे. १९५१ पासून जर्मनीकडून नाझी छळाची भरपाई मिळवून वाटणाऱ्या क्लेम्स कॉन्फरन्समध्ये, न्यूयॉर्कच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी खोटे अर्ज मंजूर करून सुमारे ५.७ कोटी डॉलर उडवले. ते उघड झाले २००९-१० मध्ये. संबंधित निधी सांभाळणारा अधिकारीच त्यात होता आणि २०१३ मध्ये दोषी ठरला. २००१ मध्ये एक निनावी पत्र आले होते. ते गांभीर्याने घेतले गेले नाही. अर्ज तपासणारा, त्याच्यावर देखरेख करणारा आणि मंजूर करणारा एकाच साखळीत असले की नावाला तिघे आणि प्रत्यक्षात एकच, असे होते. न्यूयॉर्कच्याच मेट कौन्सिल या गरिबांसाठीच्या संस्थेत २०१३ मध्ये वेगळा प्रकार निघाला. विम्याचे हप्ते फुगवून वरचा पैसा दलाल आणि संस्थाप्रमुख वाटून घेत होते, तोही अनेक वर्षे. विम्याचे बिल कोणी उघडून पाहत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. दर दोन-तीन वर्षांनी तीन दलालांकडून दर मागवले असते तर हे लवकर लक्षात आले असते.

या सगळ्यावर जुन्या नियमांत विचार झाला होता. धर्मनिधी सांभाळणाऱ्या गब्बाईने निधीतली सुटी नाणी बदलायची असतील तर ती दुसऱ्याशी बदलावी, स्वतःच्या खिशातल्या नाण्यांशी नव्हे. बाजारात त्याला पैसे सापडले तरी ते तिथे स्वतःच्या खिशात टाकू नयेत, पाहणाऱ्याला संशय येईल. २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नी मॅडॉफचा प्रचंड गुंतवणूक घोटाळा बाहेर आला तेव्हा तो येशिवा विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचा खजिनदार होता, आणि विद्यापीठाचा पैसा त्याच्याच योजनेत गुंतला होता. नाण्यांचा नियम तिथे कोणाला आठवला नाही. याच परंपरेत गब्बाईंकडे हिशेब मागू नये, असेही एक वचन आहे, कारण ते विश्वासू असतात. सोळाव्या शतकात क्राकूच्या मोझेस इसेर्लिसने त्याला जोड दिली, की मागू नये हे ठीक, पण त्यांनी आपण होऊन हिशेब द्यावा हेच चांगले. संस्थाचालकांना या दोन वाक्यांतले पहिलेच पाठ असते.

पैसा चोरीला न जाताही संस्था बुडते. १९३४ मध्ये सुरू झालेली फेग्स ही न्यूयॉर्कची प्रचंड समाजसेवी संस्था १.९४ कोटी डॉलरची तूट उघड झाल्यावर २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. फेडरेशनशी जुने नाते होते, नाव मोठे होते, इमारती होत्या. या प्रकारच्या संस्थांचा बहुतांश पैसा देणगीतून येत नाही, सरकारी कंत्राटांतून येतो. ती कंत्राटे सेवेचा पूर्ण खर्च देत नाहीत, वर पैसे महिनोन्महिने उशिरा देतात. एका माणसाला सेवा द्यायला शंभर डॉलर लागत असतील आणि सरकार ऐंशी देत असेल, तर जितकी जास्त माणसे तितका मोठा खड्डा. कार्यक्रम वाढला म्हणून वार्षिक अहवालात टाळ्या पडतात, आणि त्याच वेळी राखीव निधी संपत जातो. कंत्राटावर सही करण्याआधी प्रत्येक सेवेचा खरा एकक-खर्च काढून पाहणारा माणूस संस्थेत हवा. असा माणूस वाटपाच्या बाजूनेच तयार होतो.

चांगले वाटप कसे असते तेही पाहायला मिळते. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्गमधल्या ‘ट्री ऑफ लाइफ’ या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाच्या इमारतीत गोळीबार झाला आणि अकरा माणसे मारली गेली. स्थानिक फेडरेशनकडे बळींसाठी जगभरातून ६० लाख डॉलरहून जास्त रक्कम आली. फेडरेशनने ती स्वतःच्या नेहमीच्या मोहिमेत मिसळली नाही. स्वतंत्र समिती नेमली, आणि मार्च २०१९ मध्ये वाटप जाहीर केले. मोठा वाटा मृतांच्या कुटुंबांना आणि गंभीर जखमींना गेला. आत अडकलेले, जखमी पोलीस आणि त्या इमारतीत प्रार्थना करणाऱ्या तिन्ही मंडळ्यांसाठीही तरतूद झाली. कोणाचे दुःख किती मोठे, हे आकड्यात मांडण्याइतके कठीण काम नाही. पाच महिन्यांत ते झाले आणि कसे झाले ते लोकांना सांगितले गेले. पहिल्या दिवसापासून वेगळे खाते ठेवणे, निकष आधी ठरवून मगच नावे पाहणे, आणि उरलेल्या पैशाचे काय करायचे ते आधीच लिहून ठेवणे, या तीन गोष्टी अशा प्रत्येक आपत्ती निधीला लागतात. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर फेडरेशन्सनी इस्रायलसाठी ८० कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी केली, तेव्हा हीच कसोटी कितीतरी पट मोठी होऊन समोर आली.

मग या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने काय करावे? पहिली दोन-तीन वर्षे अन्नकेंद्र, कर्जसंस्था, वृद्धसेवा किंवा वाटप समितीचे सचिवपद यांपैकी काहीतरी. पगार कमी असेल. त्यानंतर दोन वर्षे पैसा गोळा करण्याच्या बाजूला, कारण तीही बाजू न कळलेला माणूस नेतृत्वाला अपुरा पडतो. शिक्षणासाठी हिब्रू युनियन कॉलेजची ना-नफा व्यवस्थापनाची शाळा आहे, आणि समाजकार्याची पदवी व ज्यू अध्ययन यांची जोडपदवी देणाऱ्या संस्था आहेत. आमच्या मते समाजकार्य आणि लेखाशास्त्र हे जोडीला असणे कोणत्याही एका नामांकित पदवीपेक्षा जास्त उपयोगी. ताळेबंद वाचता न येणारा संचालक लेखापालाच्या हातातले बाहुले होतो.

नोकरी स्वीकारण्याआधी संस्थेचा फॉर्म ९९० वाचावा. हे करविवरण सार्वजनिक असते आणि इंटरनेटवर फुकट मिळते. संस्थाप्रमुखाचा पगार त्यात असतो, विश्वस्तांशी असलेले आर्थिक व्यवहार असतात, हितसंबंधांबाबत धोरण आहे की नाही तेही असते. तीन वर्षांची विवरणे शेजारी ठेवली तर राखीव निधी वाढतो आहे की आटतो आहे ते दिसते. मुलाखतीत विचारावे: किती महिन्यांचा खर्च भागेल इतकी मोकळी रक्कम आहे? या पदावर आधीचे दोघे किती काळ टिकले? सर्वांत मोठा देणगीदार एकूण रकमेच्या किती टक्के देतो? एकच माणूस एक तृतीयांश देत असेल तर तुमचा खरा मालक तोच. आणि एखाद्या देणगीदाराने कर्मचाऱ्याशी गैरवर्तन केले तर काय करता? हा प्रश्न विचारायला लोक कचरतात, तरुण स्त्रिया विशेषतः, आणि त्यांनाच तो सर्वांत जास्त लागू आहे. २०१८ मध्ये याच कारणासाठी ज्यू संस्थांची एक आघाडी स्थापन झाली. ‘देणगी परत करू’ असे लेखी धोरण असलेली संस्था विरळा, पण आहेत. कर्मचाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य असूनही मोठ्या फेडरेशन्सच्या प्रमुखपदी त्या बराच काळ जवळपास नव्हत्याच, हेही याच शिडीचे फळ.

आणलेल्या पैशावर टक्केवारीने मोबदला देऊ करणाऱ्या संस्थेला सरळ नकार द्यावा. अमेरिकेतल्या निधीसंकलकांच्या व्यावसायिक संघटनेची आचारसंहिताच ते मना करते. टक्केवारी घेणारा माणूस पुढच्या वर्षी येणाऱ्या मोठ्या मृत्युपत्री देणगीची वाट पाहत नाही, आज मिळेल तेवढे ओरबाडतो. आणि विधवा वृद्धेला जेव्हा समजते, की तिच्या हजारातले शंभर समोरच्याच्या खिशात गेले, तेव्हा संस्था तिला कायमची मुकते.

संस्थांकडून आमची मागणी तीन गोष्टींची आहे. संकलन अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात वाटपाच्या ठिकाणी घालवलेले दिवस मोजावेत. देणगीदार-सल्ला निधीच्या खात्यांतून दरवर्षी ठरावीक टक्के रक्कम सामायिक टेबलावर यावी अशी अट खाते उघडतानाच घालावी. काही खातेदार दुसऱ्या व्यापारी निधीकडे जातील, जाऊ द्यावेत. आणि संस्थाप्रमुख नेमताना वाटपाचा किमान तीन वर्षांचा अनुभव अनिवार्य करावा.

या पैशाची एक वाट मुंबईत येते. अमेरिकी फेडरेशन्सची परदेशी मदत वर्षानुवर्षे मुख्यतः ज्यूइश एजन्सी (ज्यूंना इस्रायलमध्ये आणून वसवणारी संस्था) आणि जॉइंट यांच्यात वाटली जात आली, आणि जॉइंट मुंबईतल्या ज्येष्ठांपर्यंत आणि तरुणांपर्यंत पोहोचते. त्याआधीही हे चालत होतेच. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, तिला लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत होती. पुढे कदुरी घराण्याच्या देणगीमुळे ती सर एली कदुरी शाळा झाली. ससून घराण्याने पुण्यात रुग्णालय दिले, मुंबईत शाळा, वाचनालय, सिनेगॉग दिले. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत आता बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत, आणि २०११ च्या जनगणनेत देशभरात पाच हजारांहून कमी ज्यू नोंदले गेले. मालमत्ता आहेत, हेतू कागदावर आहेत, माणसे इस्रायलमध्ये लोदला आणि अश्दोदला आहेत.

इथे काम करणाऱ्याला अमेरिकी अभ्यासक्रमांत न शिकवलेल्या गोष्टी लागतात. परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी अंशदान, म्हणजे परदेशातून आलेली देणगी, घेणारी संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली, आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. म्हणजे एका मध्यवर्ती संस्थेने परदेशातून निधी घेऊन अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेलच्या लहान विश्वस्त संस्थांना वाटायचा, ही फेडरेशनची सरळ पद्धत इथे चालतच नाही. शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चात मोजत नाहीत, कार्यालयातल्या व्यवस्थापकाचा मोजतात. म्हणून पदाचे वर्णन विचार करून लिहावे लागते. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यावा लागतो, आणि जमीन विकायला किंवा दीर्घ भाड्याने द्यायला त्यांची परवानगी लागते. जुने विश्वस्त इस्रायलला गेले, वारले, अर्ज दिलाच नाही, असे झाले की पुढे बँकेतले खातेही चालवता येत नाही.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या या लहान विश्वस्त संस्थांनी प्रत्येकी अर्धवेळ कारकून ठेवण्याऐवजी चार-पाच जणींनी मिळून एक पूर्णवेळ पगारी अधिकारी नेमावा. त्याचा पगार प्रत्येकीने देशातल्या उत्पन्नातून, म्हणजे भाडी आणि ठेवींच्या व्याजातून, प्रमाणात द्यावा, म्हणजे परदेशी अंशदानाच्या मर्यादेशी गाठ पडणार नाही. त्याच्याकडे पहिल्या वर्षी तीनच कामे असावीत: सगळे प्रलंबित बदल अर्ज मार्गी लावणे, प्रत्येक मिळकतीचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका मिळवून मूळ विश्वस्तपत्राशी ताडून पाहणे, आणि मदत मागणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची एकच नोंद ठेवणे, म्हणजे एकाच आजीबाईंना औषधांसाठी तीन दारी जावे लागणार नाही आणि चौथ्या घरातले आजोबा कोणाच्याच यादीत नाहीत असेही होणार नाही. मंजुरी मात्र त्या अधिकाऱ्याने एकट्याने देऊ नये. दोन वेगवेगळ्या संस्थांचे दोन विश्वस्त आणि तो, अशा तिघांच्या सह्या असाव्यात.